घोटाला घोट

सोनोग्राफीच्या खोलीबाहेर दोन तऱ्हेची माणसं बसतात. पोट तपासायचं असलेली माझ्यासारखी सकाळपासून उपाशी, आणि मूत्राशय भरून यायला सांगितलेली, पाणी पिऊन पिऊन कंटाळलेली.

समोरच्या आजींनी अर्ध्यावरच बाटली खाली ठेवली. "आता नाही हो जात."

"मी पितोय ना? चल," म्हणत शेजारी बसलेल्या आजोबांनी आपली बाटली तोंडाला लावली. घोटाला घोट. तपासणी आजींची, आजोबांच्या पिण्याचा काडीचाही उपयोग नव्हता. सोबत बहुधा अशीच निरुपयोगी असते.

आजींना आत बोलावलं, तसे आजोबा घाईघाईनं बाथरूमकडे पळाले. परतले, तर आजीही बाहेर आलेल्या. "अजून भरलं नाही म्हणतात. आणखी प्यायचंय."

आजोबा मटकन बसले. मग उठले आणि कूलरवरून बाटल्या भरून आणल्या. दोन्ही.

तेवढ्यात नर्सनं माझं नाव पुकारलं. "सोबत कोण आहे?"

"कोणी नाही," मी म्हणाले. आवाज नीट फुटला नाही. उपासानं घसा कोरडा पडला असेल.