अक्काच्या कासवाचा उजेड

फोकसला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारणारं एकच माणूस उरलं होतं, ते म्हणजे त्याची थोरली बहीण अक्का. तिलाही त्याने बजावून ठेवलं होतं की चारचौघांत ते नाव घ्यायचं नाही. दागिन्यांच्या, घड्याळांच्या, कपड्यांच्या दुकानांत दिवे बसवण्यात त्याची तीस वर्षं गेली. दुकानदाराने काहीही दाखवलं तरी हा मान तिरकी करून विचारायचा, "फोकस कुठे मारायचा?" त्यावरून ते नाव पडलं. हातात कसब होतं, ते नाकारून चालणार नाही. पितळेच्या अंगठीवर असा उजेड पाडायचा की बघणाऱ्याचा हात आपोआप खिशात जावा. पण माणूस म्हणून बघाल तर नुसता काटा. जवळ जाईल त्याला ओरखडा ठरलेला. बायको नऊ वर्षांपूर्वी माहेरी गेली ती गेलीच. शहाणी बाई.

अक्काला असं माहेर कुठलं असणार? तिचं माहेर म्हणजे हाच. नवरा गेला, भाड्याचं घर सुटलं आणि एकसष्टाव्या वर्षी ती भावाच्या दारात येऊन उभी राहिली. एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात खोकं. खोक्यात कासव होतं, ताटाएवढं. नवऱ्याने अठरा वर्षांपूर्वी आणलेलं. नवरा त्याला साहेब म्हणायचा, कारण ते उशिरा उठायचं, सगळ्यांच्या आधी जेवायचं आणि काडीचं काम करायचं नाही.

"एवढ्या वर्षांच्या संसारात एक बॅग आणि एक दगड कमावलास होय?" फोकस म्हणाला. हे त्याचं स्वागत. अक्का हसली. मिंध्या माणसाला हसावंच लागतं.

जुन्या घराला अंगण होतं. साहेब दिवसभर उन्हात पडून असायचा. फोकसचं घर तिसऱ्या मजल्यावर, मागच्या अंगाला. खिडकी उघडली की समोर दुसऱ्या इमारतीची भिंत, हात लांबवला तर लागेल इतकी जवळ. गच्चीला कायम कुलूप. चार महिन्यांत साहेब खायचा कमी झाला, मागचे पाय ओढत चालायला लागला. अक्का त्याला पिशवीत घालून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी पाठीच्या कडेला अंगठ्याने दाबलं तर कवच किंचित आत गेलं.

"हे नखासारखं कडक हवं," बाई म्हणाल्या, "पुठ्ठ्यासारखं झालंय. ऊन नाही मिळालं तर त्याच्या अंगात चुना धरत नाही. पण अजून वेळ गेलेली नाही."

त्यांनी कागदावर सगळं लिहून दिलं. एका कोपऱ्यात उबेचा दिवा. डोक्यावर लांब, अतिनील किरणांची ट्यूब, पाठीपासून फूट-सव्वा फूट उंच. रात्री दोन्ही बंद. ट्यूब वर्षाला बदलायची, पेटत असली तरी. आणि शेवटच्या ओळीखाली दोन रेघा: ट्यूब आणि कासव यांच्यामध्ये काच नको. काच उजेड सोडते, पण कासवाला हवे ते किरण तिथेच अडतात. असं बाईंनी तोंडानेही दोनदा सांगितलं.

अक्काने तो कागद भावापुढे ठेवला. तिचं त्या घरात दुसरं काय होतं? खाट त्याची, ताट त्याचं, पंखा कितीवर फिरवायचा हेही तोच ठरवणार. साहेब तेवढा तिचा. तो गेला की ती नुसती भावाच्या घरातली म्हातारी उरणार होती, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं.

फोकसने कागद वाचला आणि नाकातून हसला. "जनावरांची डॉक्टर मला उजेड शिकवणार? आता एवढंच राहिलं होतं."

पण काम त्याने अंगावर घेतलं. दयामाया म्हणून नाही, नाकाला मिरची झोंबली म्हणून. बाजारातली सगळ्यांत चांगली ट्यूब आणली, अगदी कागदावर लिहिलेली. उबेचा दिवा आणला. दोन रविवार खपून सागवानी पेटी केली, चार फूट लांब. समोर सरकती काच, बाजूला छोटं दार, आपोआप चालू-बंद होणारं बटण. अक्का शेजारी बसून स्क्रू मोजून द्यायची, लाकूड घासून द्यायची. दुसऱ्या रविवारी दोघं एका टेबलावर जेवली आणि तो म्हणाला, "भाजी बरी झालीय." चार महिन्यांतलं पहिलं चांगलं वाक्य. अक्काने ते रात्री झोपताना पुन्हा आठवून पाहिलं.

सगळ्यांत शेवटी त्याने दुधी काचेचा एक लांब तुकडा काढला आणि दिव्यांच्या खालच्या खाचेत सरकवला. त्याच्या धंद्यातला पहिला नियम होता तो. दिवा दिसता कामा नये, उजेड दिसला पाहिजे. उघडी ट्यूब डोळ्यांत गेली की गिऱ्हाईक मान फिरवतं आणि पुढच्या दुकानात जातं. तीस वर्षांत त्याने एकही ट्यूब उघडी ठेवली नव्हती, आणि आता एका कासवासाठी ठेवणार होता थोडीच?

"डॉक्टरीणबाईंनी काच नको म्हटलंय," अक्का हळूच म्हणाली.

"काचेतून उजेड येतोय की नाही?"

"येतोय."

"तुला दिसतोय?"

"दिसतोय."

"मग झालं तर."

पेटी दिसायला झकास होती, खोटं कशाला बोला. पिवळसर, मऊ उजेड सगळीकडे सारखा पसरलेला, कुठे सावलीचा डाग नाही. ऊबही काचेतून खाली उतरायची, त्यामुळे साहेब त्या कोपऱ्यात जाऊन बसायचा आणि बघणाऱ्याला वाटायचं, काय चैन आहे या प्राण्याची. फोकस ओळखीच्या दुकानदारांना मुद्दाम घरी आणून पेटी दाखवायचा. अक्का चहा द्यायची. कुणी वाहवा केली की तो तिच्याकडे बघून म्हणायचा, "आणि हिला काच नको होती."

दोन महिन्यांत कवच आणखी मऊ झालं. साहेबाचा खालचा जबडा पान धरताना वाकायला लागला. अक्का बोलली, एकदा नाही, तीनदा. पालथ्या घड्यावर पाणी. तिसऱ्या वेळी तो जेवता जेवता म्हणाला, "नवऱ्यालाही असंच उशाशी बसून घालवलंस ना? तुला कुणीतरी मरायला टेकलेलं लागतंच." आणि भात मागितला. तिने वाढला.

मग तिने चोरी सुरू केली. सकाळी भाऊ कामावर गेला की काच खाचेतून ओढून काढायची, कपाटामागे उभी करायची आणि पाच वाजता परत सरकवायची. असं तीन आठवडे चाललं. साहेब उघड्या ट्यूबखाली पाय पसरून पडायचा. एकविसाव्या दिवशी त्याने पुऱ्या दोन पानांचा फडशा पाडला. अक्काला इतका आनंद झाला की ती भिंतीकडे तोंड करून रडली.

त्याच दिवशी फोकस दुपारी तीनला एका घड्याळवाल्याला घेऊन आला. दारातून थेट उघडी ट्यूब डोळ्यांत. घड्याळवाल्याने कपाळावर हात धरला आणि म्हणाला, "हे तुम्ही केलंय?"

पाहुणा जाईपर्यंत फोकस गोड बोलत होता. नंतरही ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने कपाटामागून काच काढली, पुसली, बसवली, आणि खिडक्यांच्या फटी बुजवायचा पांढरा डिंक भरलेली बंदूक घेऊन चारी कडा चिकटवून टाकल्या. मागच्या कडेला अंधार होता. "बॅटरी धर," तो म्हणाला. अक्काने धरली. हात हलला तेव्हा म्हणाला, "नीट धर की." तिने नीट धरली. काम करताना तो शीळ घालत होता.

इथे अक्काचंही चुकलं, ते सांगून टाकायला हवं. डॉक्टरीणबाई पहिल्याच भेटीत म्हणाल्या होत्या, "घरी जमलं नाही तर माझ्याकडे आणून ठेवा, मी सांभाळते, तुम्ही रोज येऊन बघा." पिशवीत घालून दहा मिनिटांचं चालणं. ती गेली नाही. आज जाऊ, उद्या जाऊ. साहेब दिला तर संध्याकाळी त्या खोलीत बसून बघायचं काय, आपलं म्हणायचं कशाला? त्याच्या जिवापेक्षा त्याचं आपलं असणं तिला मोठं वाटलं. आपल्या माणसांवर प्रेम करणाऱ्या पुष्कळ बायकांचं असंच होतं, आणि माणसं मरतात. अक्का काच पुसायची, पान भरवायची, पाठीवरून बोट फिरवायची. बोट आता आत रुतायचं.

पुढच्या चार महिन्यांत साहेब चालायचा थांबला. आणि नेमकी तेव्हाच फोकसची लॉटरी लागली. एका मोठ्या हॉटेलचा मालक म्हणाला, आमच्या दर्शनी दालनात अशा जिवंत पेट्या हव्यात, रविवारी अकरा वाजता बघायला येतो. फोकसने शनिवारी नवा सदरा इस्त्री करून घेतला. अर्थात अक्काकडूनच.

रविवारी सकाळी सात वाजता अक्काने बाजूचं दार उघडून पान पुढे केलं, आणि साहेबाची मान तिच्या तळहातावर पडली ती पडलीच.

ती तिथेच बसून रडली. आतल्या खोलीत भाऊ दाढी करत होता. तिला वाटलं उठावं आणि सांगावं. मग दुसरंच काहीतरी मनात आलं, आणि ते आल्यावर तिचं रडं थांबलं. तिने साहेबाचे चारही पाय घडी घालून कवचाखाली नीट ठेवले, मान अर्धी आत सरकवली. ओल्या फडक्याने पाठ पुसली, वर तेलाचा हात फिरवला. उबेच्या कोपऱ्यात त्याला बसवलं आणि तोंडासमोर एक ताजं पान ठेवलं. येऊ दे हॉटेलवाला. तोच म्हणेल, अहो, हे मेलंय. नव्या सदऱ्यात, स्वतःच्या घरात, स्वतःच्या उजेडाखाली फोकसचं नाक कापलं जाईल. आयुष्यात पहिल्यांदा अक्का भावाच्या पाहुण्याची वाट बघत बसली.

हॉटेलवाला आला. चाळिशीचा, घाईतला माणूस. पेटीसमोर वाकला, डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं.

"फारसं हलत नाही का?"

"जातच शांत आहे," फोकस म्हणाला. "उबेला बसलं की दोन-दोन तास जागचं उठत नाही."

"उत्तम. पाहुण्यांना असंच आवडतं. घाण नाही, धावपळ नाही. सहा पेट्या करा."

अक्का स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती वाट बघत होती की तो आणखी एकदा वाकेल, काचेवर टिचकी मारेल. तो घड्याळ बघत होता. मग तीच पुढे झाली, बाजूचं दार उघडलं आणि साहेबाला बाहेर काढून त्या माणसाच्या पुढ्यात टेबलावर ठेवलं. मान लोंबून टेबलाच्या कडेखाली आली.

"मेलंय हे. सकाळीच मेलंय," ती म्हणाली. "त्या काचेने मेलंय. तुमचीही सहाच्या सहा मरतील. डॉक्टरीणबाईंना विचारा."

हॉटेलवाल्याने फोकसकडे बघितलं. फोकसचा चेहरा क्षणभर पांढरा पडला. पण दुकानदारांना तोंड देण्यात तीस वर्षं गेलेला माणूस तो. त्याने आवाज लोण्यासारखा मऊ केला.

"मेहुणे गेल्यापासून अशीच आहे. म्हाताऱ्या कासवालाच साहेब म्हणत बसायची. आपण तरी काय बोलणार?"

"अरेरे," हॉटेलवाला म्हणाला, आणि लहान पोरीशी बोलावं तसं अक्काशी बोलला, "मावशी, जनावर आहे. आज ना उद्या जायचंच. जिवाला लावून घेऊ नका." मग फोकसकडे वळून, "कासवं काय, मिळतील. पेट्या किती दिवसांत देता?"

"महिनाभरात."

"चहा घेऊ आणि बाकीचं ठरवू."

अक्का साहेबाला उचलून स्वयंपाकघरात आली. पातेलं चढवलं. आता हा मागून येणार आणि गाशा गुंडाळायला सांगणार, याची तिला खात्री होती. तो आलाच. ओट्याला टेकून उभा राहिला.

"सकाळीच मेलं होतं?"

"हो."

"आणि तू त्याला पुसून, तेल लावून, पान ठेवून बसवलंस. मला तोंडघशी पाडायला."

"हो," ती म्हणाली. आता लपवायचं काय उरलं होतं?

तो हसायला लागला. कुचकट नव्हे, मनापासून. असं हसताना तिने त्याला तो सात वर्षांचा असताना शेवटचं पाहिलं असेल.

"मलासुद्धा कळलं नाही, अक्का. माझ्या डोळ्यांना. काय चकाकत होतं ते. अगं, मी जन्मभर दुसरं काय केलं?" त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "सहा पेट्यांचं काम आहे. सजवायला हाताखाली माणूस लागेल. ते तूच कर."

लाज वाटते सांगायला, पण सांगायला हवं. ओट्यावर साहेब पडला होता, अंगावर तेल अजून ओलं होतं, आणि तरी तो हात खांद्यावर पडला तेव्हा अक्काला बरं वाटलं. वर्षभरात या घरात तिची कुणाला गरज लागली नव्हती. तिने ज्योत बारीक केली, कपबशा मांडल्या.

"कधीपासून?" तिने विचारलं.