गप्पी खाल्ले कुणी आणि मांजर गेली कुठे

मासे पाळणाऱ्या मंडळींनो, रोह्याच्या सायबर कॅफेतून लिहितोय.

काचेच्या टाकीतले माझे गप्पी रोज कमी होत होते. शेजारच्या सुलभाकाकूंच्या मांजरीवर खापर फोडून मी इतकी भुणभुण लावली, की आज सकाळी काकूंनी तिला गोणीत घालून नदीवरच्या पुलापलीकडे अष्टमी गावात सोडलं. नदीपलीकडे सोडलेली मांजर परत येत नाही म्हणतात.

दुपारी टाकी धुताना चतुर किड्याची, पाण्यात वाढणारी अळी दिसली, तोंडात गप्पी धरलेली. ओढ्यातलं शेवाळ हौसेने मीच आणलेलं, त्यातूनच ती आली.

काकूंना सांगितलं. "पाण्यात पंजा नाय घालायची ती. बोललेले मी तुला," एवढंच म्हणाल्या.

मग अष्टमीत गल्लोगल्ली हिंडलो. हाक मारायला गेलो तेव्हा कळलं, तिचं नावच मला माहीत नाही. आता ते विचारायला काकूंकडे कोणत्या तोंडाने जाऊ?