नावेचं बूच

आमच्या जुन्या अ‍ॅल्युमिनियमच्या नावेला भोक पाडायचं धाकट्या भावाच्या डोक्यात आलं, तेव्हा मी मनापासून हसलो. माणसं नावेची भोकं बुजवतात, आणि हा शहाणा नवं पाडायला निघाला! पण आमचे वडील, अण्णा, हसले नाहीत. "बघू की," म्हणाले. तिथंच माझं डोकं फिरलं.

येलदरी धरणाच्या पाण्यात अण्णांसोबत मासे धरण्यात माझी वीस वर्षं गेली. नावेचे पत्रे जोडणारे रिबीट सैल झालेले, त्यामुळं सकाळी तळाशी घोटाभर पाणी साचलेलं असायचं. तेलाचा डबा कापून केलेल्या डब्यानं ते उपसणं हे माझं काम. तोवर अण्णा काठावरच्या दगडावर तंबाखू मळत बसायचे आणि बोलायचे. मरळ कुठं दडते, आईला बघायला गेले तेव्हा कोणाची चप्पल घालून आले, असलं काहीबाही. एकदा जाळं टाकलं की दिवसभर त्यांच्या तोंडून शब्द निघायचा नाही. ते अण्णा फक्त सकाळचे, आणि फक्त माझे. खरं सांगतो, मी मुद्दाम सावकाश उपसायचो.

धाकटा परभणीला एका वर्कशॉपात फिटर आहे. तो सुट्टीवर आला की अण्णांना त्याला कुठं ठेवू आणि कुठं नको असं होतं, आणि माझ्या पोटात दुखायला लागतं. "दादा, कशाला रोज उपसायचं? मागं तळाला भोक पाडू. नाव काठावर ओढायची, बूच काढायचं, पाणी आपोआप जातंय. मग बूच घट्ट लावून पाण्यात," त्यानं मला समजावलं. मला कळत नव्हतं थोडंच!

आपणही मागं राहायला नको म्हणून मी जिंतूरहून पितळेचं चकचकीत बूच आणलं. त्यानं ते हातात फिरवलं आणि परत दिलं. "पितळ न्हाई चालायचं, दादा. पाण्यात पितळ अ‍ॅल्युमिनियमला खातंय." मग पिशवीतून स्वतःचं काळं प्लास्टिकचं बूच काढलं.

"त्याला लय कळतंय त्यातलं," अण्णा मला म्हणाले. वीस वर्षांत माझ्याबद्दल असं एकदाही म्हणाले नव्हते.

त्यानं ड्रिलनं भोक पाडलं, कडेनं रबरी वायसर बसवलं, आट्यांचं बूच पिळून बंद केलं. दुसऱ्या दिवशी चहा गार व्हायच्या आत नाव कोरडी. अण्णा अजून दगडावर टेकलेही नव्हते. "झालं? चला," म्हणून उठले. तंबाखू खिशातच राहिली.

तिसऱ्या सकाळी बूच मीच काढलं. पाणी निथळलं, मी बूच परत लावायला वाकलो, तेवढ्यात अण्णा म्हणाले, "तू ऱ्हा आज. ह्यो येतोय माझ्यासंगं."

मी सरळ झालो. बूच माझ्या मुठीत होतं. ते खिशात टाकलं आणि त्यांना नाव ढकलू लागलो.

कमरेएवढ्या पाण्यात गेले असतील, तोच धाकटा ओरडला, "अण्णा, पाणी यायलंय! दादा, बूच लावलं न्हाईस का?"

एरवी तोंडाळ म्हणून मी गावात प्रसिद्ध. त्या वेळी माझ्याच तोंडाला बूच बसलं. डबा उचलून पाण्यात धावलो, नावेत चढलो. धाकट्यानं भोकावर टाच दाबून धरली होती, बिचारा माझ्याकडं आशेनं बघत होता. मी मान खाली घालून भराभर उपसायला लागलो. अण्णा आता शिव्या घालतील, याची वाट बघत होतो.

त्यांनी खिशातून तंबाखू काढली आणि मळायला घेतली.

"दमानं उपस," ते म्हणाले. "रोज उपसतोस तसं. आन् झालं की खिशातलं बूच लाव."