संवादकौशल्यात अठ्ठेचाळीस

आमच्या पाली गावाकडच्या घरात बोलणारा मी एकटाच. वडील येसाजी कारखान्यात वॉचमन; दिवसाला दहा शब्द बोलले तर पुष्कळ. त्यांच्या वाटणीचंही मीच बोलतो, म्हणून आईने ठरवलं, सुजित मास्तर होणार. बी.एड.ला संवादकौशल्यात पन्नासपैकी अठ्ठेचाळीस पडले आणि मी, कोणी विचारलेलं नसताना, ‘ऐकावं कसं’ यावर सगळ्यांना सल्ले देत सुटलो.

रेवसजवळच्या एका शाळेत आमचे सराव पाठ चालू होते. माझ्या भरती-ओहोटीच्या पाठानंतर सातवीतली हेमाली शाळेत यायचीच बंद झाली. घरी जाऊन कोणीतरी बोलायला हवं, असं मुख्याध्यापिका म्हणाल्या. बोलायचं म्हटल्यावर मी आधीच उभा. सोबत विनिता, आमच्या तुकडीतली सगळ्यात गप्प मुलगी. तिला मी वाटेत बजावलं, ‘तू फक्त बघ.’

हेमालीची आजी भागुबाई ओटीवर भिजवलेले वाल सोलत होती. बी.एड.ला शिकवल्याप्रमाणे मी पुढे झुकलो, नजरेला नजर दिली.

‘पोर न्हाय येनार,’ आजी म्हणाली.

समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत परत म्हणायचं, हा आमचा धडा. ‘म्हणजे, ती येणार नाही असं तुम्हाला वाटतं.’

‘वाटतंय कशाला? न्हायच येनार!’

‘म्हणजे तुम्ही ठाम आहात.’

‘मेल्या, मना वेडावतस काय?’

माझे अठ्ठेचाळीस गुण घामात भिजले. विनिता खाली बसली आणि न विचारता वाल सोलू लागली. मी तोंड उघडलं की विनिता माझ्याकडे बघे आणि मी ते मिटून घेई.

शेवटी आजीच बोलली. ‘आई गेल्यापासना पोर वर्गात तोंड उघडत नव्हती. त्या दिवशी पयल्यांदा हात वर केलान. तर मास्तर म्हनला, बस खाली, तुझा नंबर न्हाय.’

परीक्षक मॅडम पाठ बघायला येतात, तेव्हा कोणत्या प्रश्नाला कोणी हात वर करायचा, हे आम्ही आदल्या दिवशीच ठरवून देतो, उत्तरासकट. माझ्या पाच जणांत हेमाली नव्हती. मॅडमचं लक्ष घड्याळाकडे होतं. पाठ वेळेत संपला म्हणून शेरा मिळाला, ‘उत्तम’.

तो मास्तर कोण, हे आजीला ठाऊक नव्हतं. विनिताला होतं, तिने मान वर केली नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

‘आजी, तो मास्तर मीच.’

तिचे हात थांबले. दाराआड कोणीतरी हललं. मी खाली बसलो आणि तिकडे बघून विचारलं, ‘हेमाली, त्या दिवशी काय सांगणार होतीस?’

वाट बघणं मला जमत नाही, पण बघितली.

‘सर, भरती दिवसातनं दोनदा येते. तुम्ही सगल्यांकडनं एकदाच येते असं पाठ करून घेतलंत.’

‘उद्या येऊन हे वर्गात सांगशील?’

‘येते. पन आधी तुम्ही सांगा, तुमचं चुकलं म्हनून.’

उद्या माझा दुसरा पाठ होता आणि मॅडम पुन्हा मागच्या बाकावर बसणार होत्या.

‘सांगतो,’ मी म्हणालो. एवढासा शब्द काढायला मला आजवर कधी इतका वेळ लागला नव्हता.