सिंधूकाकू, नवे गुडघे आणि वरचं गाव

किस्से ठरवून गोळा करता येत नाहीत हो. ते फ्रीझरमधल्या डब्यांसारखे असतात. कधी ठेवले, कोणी ठेवले, काही आठवत नाही, आणि एक काढायला जावं तर मागचे चार पायावर पडतात! आमचा ग्रुप म्हणजे आयर्लंडच्या ॲडम्सटाउनमधली भिंतीला भिंत लागून असलेली दोन घरं, बस. पण गेल्या उन्हाळ्यात आम्ही फ्रान्सला जाऊन आलो, आणि तेव्हापासून आमच्याकडे चहाला येणाऱ्याची काही खैर नाही. आता तुम्ही आलाच आहात, तर बसा.

*

आधी माणसं सांगते. शेजारच्या घरात डॉक्टर अभय, ड्रोहेडाच्या हॉस्पिटलात हाडांच्या विभागात आहे. त्याची बायको रुचा, आणि त्यांची इरा, वय वर्षं चौदा. इराला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र आयरिश इंग्लिशमध्ये. आमच्या घरात मी आणि माझा नवरा मिलिंद. दोघंही आयटीत, त्यातली जरा बरी मी.

आणि अभयची आई, सिंधूकाकू. अकोल्याहून आल्या होत्या. दोन्ही गुडघे नवेकोरे!

मिलिंदने एक फोटो ग्रुपवर टाकला. डोंगरावरचं जुनं फ्रेंच गाव. खाली नदी, वर एकमेकांच्या खांद्यावर चढलेली दगडी घरं, आणि अगदी टोकाला पडका किल्ला. गावाचं नाव आमच्यापैकी कोणाला आजतागायत उच्चारता आलेलं नाही, म्हणून आम्ही त्याला नुसतं 'वरचं गाव' म्हणतो.

अभय म्हणाला, "मस्त! निम्म्या वाटेवर चौक आहे, तिथे कॅफे आहे. आई तिथे बसेल, आपण वर जाऊन येऊ. मी रिव्ह्यूसुद्धा वाचलेत. खुर्च्यांना गाद्या आहेत."

काकू मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मी या देशात दोनदा आली. एकदा रुचाच्या बाळंतपणाले, एकदा तुमचं घर बदलाले. कोन्या प्रेसमधी कोनती डाळ हाय, थे झोपेतही सांगतो." इथे स्वयंपाकघरातल्या कपाटाला प्रेस म्हणतात, आणि काकूंनी तेवढंच आयर्लंड पाहिलं होतं!

"आता मले किल्ला पाह्यचा हाय," काकू म्हणाल्या. "गुडघे काय मी गादीवर बसाले बदलले?"

"आई, चढ आहे. दगड आहेत. विषय संपला."

लोकांच्या आयांना ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी उभं करतो हा माणूस! स्वतःची आई म्हटली की याची सगळी विद्या गुल. मी पुण्याची असल्यामुळे मला यावर मत होतं, आणि मी ते सांगितलंही. उपयोग शून्य.

*

काकूंनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवसापासून सकाळी पायात स्पोर्ट्स शूज, डोक्याला स्कार्फ, आणि चालल्या स्टेशनवर. आमच्या स्टेशनात रुळांवरून जाणारा पूल आहे ना, तो चढायचा, पलीकडे उतरायचा, परत चढायचा. प्रॅक्टिस!

आता, ऑफिसला जाणारी इथली माणसं भली. त्यांना वाटायचं, या बाईंची बिचाऱ्यांची रोज गाडी चुकते. एका सकाळी काकू पूल उतरत होत्या आणि खाली गाडी उभी. एका तरुणाने दारात पाय रोवला. "कम ऑन लव्ह, यू आर ग्रँड, यू विल मेक इट!" एका बाईने हात पुढे केला. आतून सगळा डबा ओरडायला लागला, कम ऑन, कम ऑन!

आणि काकू चढल्या!

रुचाला फोन आला तेव्हा त्या थेट डब्लिनला पोचल्या होत्या. रुचा रडकुंडीला. "अहो आई, गाडीत चढलात कशाला?"

"इतला आग्रह करत व्हते वं! नाही कसं म्हनाव?" आणि मग अगदी खुशीत, "इथंही पूल हाय. थोही चढून पाह्यला."

*

एअरपोर्टवर सिक्युरिटीच्या दारातून काकू गेल्या आणि ते दार जे कोकलायला लागलं! दोन्ही गुडघ्यांत धातू, वाजणारच. तरी अभय पुढे सरसावला आणि त्या आडव्यातिडव्या गार्डला समजावायला लागला. कोणतं इम्प्लांट, कोणत्या बाजूने चीर दिली, सूज किती उतरली. मागे ही लाइन लागलेली!

गार्डने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, "माझ्या आईचेही दोन्ही बदललेत."

"मग तुम्हाला कल्पना असेल," अभय म्हणाला, "किती जपावं लागतं."

"हो ना. ती आता डान्स क्लासला जाते."

काकूंनी इराला खुणेने विचारलं, काय म्हणतो हा? इराने सांगितलं. काकूंनी आधी गार्डकडे पाहिलं, मग पोराकडे.

"पाह्य!" म्हणाल्या. "थ्याची माय नाचून रायली, आन् तुही माय कॅफेत!"

रुचा हसत सुटली, तिचा ट्रे पलीकडे जाऊन परत आला तरी तिला कळलं नाही.

*

तुलूजला उतरून व्हॅन घेतली. आता आयर्लंडमध्ये कसं, आपल्यासारखंच डावीकडून चालवायचं. फ्रान्समध्ये सगळा उलटा कारभार. स्टिअरिंग डावीकडे, गिअर उजवीकडे. मिलिंदला हे डोक्याने पटलं होतं. हाताला नव्हतं पटलं.

त्यामुळे चढ आला की त्याचा डावा हात सवयीने गिअर शोधायचा, तिथे सापडायचं दाराचं बटण, आणि खिडकी खाली! पुन्हा चढ, पुन्हा खिडकी. इंजिन बिचारं कण्हतंय, माझे केस आकाशात, नकाशा केव्हाच पाठीमागे उडालाय.

"अरे, गिअर! गिअर टाक!" मी ओरडले.

"टाकतोय ना!" म्हणाला, आणि उरलीसुरली काच खाली घेतली.

मागून काकूंचा समाधानी आवाज आला. "हवा मस्त येऊन रायली, मिलिंद. अजून एक गिअर टाक."

*

गावाच्या पायथ्याशी एक आजोबा टेबल मांडून अक्रोड विकत होते. इरा शाळेत फ्रेंच शिकते, म्हणून तिला पुढे केलं. आजोबांनी विचारलं, कुठून आलात?

"आयर्लंड."

आजोबांनी आमच्या तोंडांकडे एकदा नीट पाहून घेतलं. "नाही, पण मूळच्या कुठल्या?"

"ॲडम्सटाउन."

"पण त्याच्या आधी?"

इराने प्रामाणिकपणे विचार केला. "ब्लँचर्डस्टाउन." म्हणजे त्यांचं आधीचं घर!

आजोबा हताश. अशी आणखी दोन मिनिटं गेली असती तर त्यांनी दुकान आवरलं असतं. शेवटी काकू पुढे झाल्या, छातीवर हात ठेवला आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "अकोला!"

"आऽऽ! अकोला!" आजोबांचा चेहरा असा उजळला, जणू सासुरवाडीच तिथली! वर मूठभर अक्रोड जास्त घातले.

*

वेशीतून आत गेलं की लगेच उजव्या हाताला जुनं चर्च आहे. दार उघडं, आत गार अंधार. काकूंनी पायरीवर बूट काढले.

"आजी, यू डोन्ट हॅव टू!" इरा म्हणाली.

"देवाचं घर हाय ना? मंग."

संपलं! एकाने चप्पल काढली की आपली सगळी माणसं काढतात, हे तुम्हाला माहीत आहे. सहा जोड ओळीने लागले. आम्ही आत गेलो, हात जोडले, रंगीत काचा बघितल्या, आणि बाहेर आलो तर काय! मागून आलेल्या जर्मन सहलीने आमची ओळ पाहिली होती. त्यांना वाटलं, नियम आहे. पायरीपासून रस्त्यापर्यंत नुसते बूटच बूट!

आम्ही आपापले शोधले. मिलिंदचे नाहीत. त्या जागी तसेच काळे, पण दोन नंबर मोठे. पहिल्या तुकडीतले कोणी आजोबा मिलिंदचे घालून त्यांच्या बसने निघूनही गेले होते. आता मला सांगा, देवळाबाहेरून चप्पल जायला फ्रान्सला यावं लागतं का? मिलिंद रडवेला.

काकूंनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "सुटलास लेका! चप्पल गेली, साडेसाती गेली. चाल आता वरतं."

*

आता हा शेवटचा. हा मी कितीही वेळा सांगायला तयार आहे.

चर्चपासून चौकापर्यंतची गल्ली म्हणजे नुसता गोट्यागोट्यांचा उभा चढ. अभय काकूंच्या पुढे, पण त्यांच्याकडे तोंड करून, उलटा चालत. दोन्ही हात पसरलेले, जसं आपण चालायला शिकणाऱ्या बाळापुढे करतो. "हळू आई. हळू. इथे पाय ठेव. तिथे नको."

काकू निवांत, एक हात भिंतीला लावून वर येतायत. आणि अभयचा पाय गोट्यांच्या खाचेत गेला, घोटा मुरगळला आणि एवढा मोठा हाडांचा डॉक्टर दाणकन खाली बसला!

मिलिंदने आणि मी धरून त्याला चौकातल्या कॅफेत नेलं. कॅफेवाल्या बाई भल्या, वाइनच्या बादलीत बर्फ घेऊन आल्या. गादीची खुर्ची दिली. हो, तीच! अभयने स्वतःचा घोटा स्वतःच दाबून पाहिला. मोडलेलं नाही, मुरगळलंय, म्हणाला. पण पुढे चढायचं नाव नको.

काकू त्याच्याजवळ बसल्या. पोराचा पाय मांडीवर घेतला आणि बर्फ लावायला लागल्या. मग आमच्याकडे न बघता म्हणाल्या, "मी बसतो याच्यापाशी. तुमी या जाऊन."

मला इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू! त्या स्टेशनच्या पुलावर किती सकाळी गेल्या होत्या त्यांच्या, पावसात, वाऱ्यात. आणि आता इथवर येऊन गादीच्या खुर्चीशेजारी बसायचं? आमच्यातलं कोणी जागचं हललं नाही. मला तर रडूच आलं, सरळ सांगते.

अभय आईकडे बघत होता. तिचे हात त्याच्या पायावर होते आणि डोळे वर, किल्ल्याकडे.

"आई," म्हणाला, "माझ्या पायाला काही झालेलं नाही. तू जा."

"आन् पडली म्हंजे?"

"नाही पडत."

"हे पोरगा बोलून रायला का डॉक्टर?"

अभय चिडला किंवा हलला की त्याचं शुद्ध मराठी सुटतं आणि अकोल्याची बोली येते. "डॉक्टर बोलून रायला. पोरगा तर अजून घाबरूनच हाय."

काकूंनी त्याच्या केसांतून हात फिरवला, बर्फाची बादली रुचाकडे दिली, आणि उठल्या.

तोवर इराने कॅफेवाल्या बाईंना आपल्या शाळकरी फ्रेंचमध्ये सगळं सांगून टाकलं होतं. आजी, गुडघे, पूल, सगळं. बाईंनी ते शेजारच्या टेबलाला सांगितलं, त्या टेबलाने पुढच्या. आम्ही निघालो तेव्हा अख्खा चौक आमच्याकडे बघत होता.

चौकानंतर पायऱ्या लागतात. उंच, झिजलेल्या, मध्ये खोलगट. मिलिंद पुढे, मोठ्या बुटांत फटकफटक करत. मग काकू, मग इरा आणि मी. काकूंचं तंत्र ठरलेलं. आधी उजवा, मग डावा, मग श्वास. मध्येच त्या थांबल्या. झालं, दमल्या!

दमल्या कुठल्या! मागे वळून किती चढलो ते बघत होत्या. खाली नदी, लाल कौलं, दूरवर पिवळी शेतं. "वा!" म्हणाल्या, आणि पुन्हा उजवा पाय.

शेवटची पायरी त्या भिंतीवरचा हात सोडून चढल्या. इरा किंचाळली, "आजी, यू लेजंड!" आणि त्यांच्या गळ्यात पडली. मिलिंद ते अगडबंब बूट घालून नाचत होता. काकूंनी दोन्ही गुडघ्यांवरून हळूच हात फिरवला, शाब्बास म्हणावं तसा, आणि तटापाशी गेल्या.

तटावरून खालचा चौक सरळ दिसतो. छत्र्या, टेबलं, आणि त्यात आमचा अभय. त्याने आईला वर पाहिलं आणि उठलाच! एका पायावर, खुर्ची धरून, दुसरा हात हवेत. बेंबीच्या देठापासून ओरडायला लागला, अख्ख्या फ्रान्सला ऐकू जाईल असा. "माही माय हाय थे! माही माय!"

कोणाला एक अक्षर कळलं नसेल. पण चौक उठला! कॅफेवाल्या बाई, टेबलावरची माणसं, वेटर, सगळे उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. वर माझे डोळे भरलेले, इरा रडतेय, मिलिंद रडतोय.

काकूंनी तटाचा दगड धरला, छाती भरून श्वास घेतला आणि खाली आवाज टाकला.

"अभ्याऽऽ! मुरगळल्या पायानं उभा काय रायला? बस खाली!"

अभय बसला. आणि त्याच्याबरोबर अख्खं कॅफे बसलं!