गलबतातला बांबू

माझ्या बाबांनी समुद्र कधी पाहिला नाही. उज्जैनमध्ये माधव नगरच्या एका शाळेत ते चित्रकला शिकवायचे. निवृत्त झाल्यावर दोन वर्षं खपून त्यांनी सागवानाचं हातभर गलबत केलं. ते वारल्यावर काका, म्हणजे त्यांचे धाकटे भाऊ, "पॉलिश करून आणतो" म्हणत ते मुंबईला आपल्या घरी घेऊन गेले. पुढे कळलं, गलबत तिथल्या बंदरावरच्या नौकांच्या संग्रहालयात आहे आणि पाटीवर 'बनवणारा' म्हणून काकांचं नाव आहे.

फोनवर मी भांडले नाही. थांबले.

काकांच्या मुलीचं लग्न झालं. दुसऱ्या दिवशी ते नव्या व्याह्यांना संग्रहालय दाखवायला निघाले, तेव्हा मीही गाडीत बसले.

"आमच्या पुतणीला यातलं काय कळणार?" गलबतासमोर उभे राहून काका व्याह्यांना म्हणाले. "उज्जैनवाले! यांची नाव म्हणजे रामघाटावरची एक चक्कर."

सगळे हसले. मीही हसले. मग विचारलं, "काका, कडेला हा लांब बांबू कशाला बांधला हो?"

"तो... जादा शिडासाठी."

व्याह्यांची सगळी नोकरी बोटीवर झालेली. ते काचेपाशी वाकले. "एवढ्या बारीक काठीवर शीड?"

"मी सांगते," मी म्हणाले. "आमच्या क्षिप्रा नदीत नावाडी तळाला बांबू टेकवून नाव पुढे रेटतात. बाबांना वाटलं, समुद्रातही तसंच करत असतील. ही चूक उज्जैनचाच माणूस करणार. काका इतकी वर्षं समुद्राशेजारी राहिले, ते कशाला करतील?"

पर्समधून फोटो काढून व्याह्यांच्या हातात दिला. अंगणात बाबा, मांडीवर अर्धं झालेलं गलबत, शेजारी तो बांबू. पाटी बदलण्याचा अर्ज मी घरूनच टाइप करून आणला होता. फक्त वस्तू देणाऱ्याची, म्हणजे काकांची, सही हवी होती.

काका खिसे चाचपत राहिले. पेन व्याह्यांनीच पुढे केलं.

परतताना काका हळूच म्हणाले, "घरातलं घरात बोलायचं होतंस."

"घरातलं घरातच ठेवायचं होतंत," मी म्हणाले.

पाटीवर आता बाबांचं नाव आहे. आमच्याकडून कुणी मुंबईला निघालं की मी आवर्जून सांगते, संग्रहालय बघा. आणि एकटे जाऊ नका, काकांना सोबत न्या. ते छान समजावून सांगतात.