रोज पाणी, पण किती वाजता?

नगरपंचायतीच्या निवडणुकीत उमेदवारांना एका मंचावर बसवून बोलतं करायचं, ही कल्पना आमच्या संपादकांची. मी सांगलीच्या एका छोट्या दैनिकात होते. कार्यक्रम ठरला तो नेमका माझ्याच गावात, मिरज आणि कवठे महांकाळच्या मधल्या. त्यामुळे सूत्रसंचालन माझ्याकडे आलं.

प्रभागात तीन उमेदवार. रविवारी संध्याकाळी शाळेच्या पटांगणात मंडप घातला, मोबाईलवरून थेट प्रक्षेपण सुरू केलं आणि लोकांकडून चिठ्ठ्यांवर प्रश्न मागवले. चिठ्ठ्या उघडून वाचल्या. बहुतेक कार्यकर्त्यांनीच लिहिलेल्या. 'आपण एवढं काम करता, थकत कसे नाही?' असले प्रश्न. मी त्या बाजूला ठेवल्या आणि पाण्याचा विषय काढला. तिघांनीही रोज पाणी देऊ म्हणून सांगितलं. टाळ्या पडल्या. मी पुढच्या विषयाकडे वळणार, एवढ्यात बायकांच्या बाजूला एक हात वर झाला.

आई होती. ती मिरजेच्या एका दवाखान्यात आया आहे. ड्यूटी संपवून, एसटीतून उतरून ती तशीच मंडपात आली होती. दवाखान्याची निळी साडी अंगावर, डब्याची पिशवी मांडीवर. चारचौघांत ती कधी बोलल्याचं मला आठवत नव्हतं. घरच्या माणसाला माईक दिला असं लोक म्हणतील, या भीतीनं मी घुटमळले. पण दुसरा हातच वर नव्हता. शेवटी सांगूनच टाकलं, "या माझ्या आई आहेत. प्रश्न मात्र त्यांचा आहे, मला माहीत नाही."

"रोज पाणी देणार म्हणताय," आई म्हणाली, "पर किती वाजता?"

तिघांपैकी एक, मावळते नगरसेवक, हसले. "मावशी, वेळेचं काय घेऊन बसलात? पाणी मिळाल्याशी कारण."

"आवं, आमाला येळंचंच कारण हाय. आता साडेधाला येतंय. तवा मी दवाखान्यात, शेजारणी द्राक्षबागेत. घरात म्हातारी माणसं. त्यांनी घागरी उचलायच्या व्हय?"

दुसऱ्या उमेदवारानं मंजूर झालेल्या पाणीयोजनेची माहिती दिली. आईनं शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, "व्हय, पर किती वाजता?" मंडप हसला, बायकांनी टाळ्या वाजवल्या. तिसरी उमेदवार शिवणकाम करणारी, पहिल्यांदाच उभी राहिलेली. ती म्हणाली, "मला माहीत नाही. टाकीवर जाऊन विचारते आणि परवापर्यंत सांगते." तिनं खरंच सांगितलं. बाजारपेठेच्या बाजूचा व्हॉल्व्ह आधी उघडतात, आमचा शेवटी. क्रम बदलता येतो.

घरी आल्यावर मला वाटलं, आई आता माझं कौतुक करील. ती म्हणाली, "तिघंबी रोज पाणी म्हणाले आन् तू फुडं निघालीस. माईक तुझ्या हातात हुता की गं!"

वाईट वाटलं, पण त्याहून जास्त अभिमान वाटला. आठ वर्षं पत्रकारिता करणाऱ्या मला जे सुचलं नाही, ते सातवी शिकलेल्या माझ्या आईनं उभं राहून विचारलं होतं.

बातमीत मी 'एका महिला मतदाराने' एवढंच लिहिलं. आईनं मात्र अंक दवाखान्यात नेला आणि नर्सपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना दाखवला. "प्रश्न माझा, लिवलंय माझ्या लेकीनं." चित्रफीत गावभर फिरली. प्रचाराला येणाऱ्या प्रत्येकाला बायका दारातच विचारू लागल्या, किती वाजता? चार दिवसांत नगरसेवकांच्या जीपवरचा भोंगा ओरडायला लागला, 'सकाळी सहाला पाणी!'

निवडून तेच आले. शिवणकामवाली थोडक्यात पडली. मी हिरमुसले. आईनं मत कुणाला दिलं, ते तिनं मलाही सांगितलं नाही. पण दीड महिन्यानं आमच्या बोळातला नळ सकाळी सव्वासहाला आला, आणि अजून बहुतेक दिवस त्याच वेळेला येतो.

यंदा मलकापूरला अशाच कार्यक्रमाला गेले होते. एक उमेदवार म्हणाले, रस्ते लवकरच होतील. मी माईक खाली ठेवला नाही. "कुठला रस्ता, आणि कुठल्या महिन्यात?" असं तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा त्यांनी महिना सांगितला.